डोक्यावरून आंघोळ

नर्सबाई कुणालाही भेटल्या की आधी विचारायच्या, "आंग धुतलं का?" जेवण झालं का, बरं आहे का, हे सगळं त्यानंतर. दूधवाल्याला विचारायच्या, टपाल घेऊन येणाऱ्याला विचारायच्या. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही त्यांनी हेच विचारलं. तो बिचारा दारात हात जोडून उभा, मागे कार्यकर्त्यांचा घोळका, आणि बाई त्याच्या घामाघूम चेहऱ्याकडे पाहत म्हणाल्या, "दिवसभर उन्हाचे फिरून राहिले तुम्ही. घरी गेल्यावर डोक्शावरून घेजा. बरं वाटते." तो "हो बाई" म्हणाला आणि मत मागायचं विसरूनच पुढच्या घराकडे गेला.

साकोलीला पंचायत समितीत मला नोकरी लागली, तेव्हा मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आले. माझं घर मोहाडीला. तिथून रोज जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं. खोली पाहायला गेले तर बाईंनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं आणि तिसरा प्रश्न टाकला, "डोक्शावरून घेते का आंगावरून?"

मी गडबडले. "रविवारी डोक्यावरून. बाकी दिवस अंगावरूनच."

"रोज डोक्शावरून घेत जा, वनिता. पाण्याची फिकर नको करू, बोअर हाय," त्या म्हणाल्या, आणि खोली मला मिळाली.

या आंघोळीच्या वेडामागे त्यांची नोकरी होती. नागझिऱ्याच्या जंगलाच्या अंगाला असलेल्या गावांमधून त्यांनी उभं आयुष्य बाळंतपणं केली. आधी सायकलवर, मग मोपेडवर. बाळंतपण उरकून घरी आल्या की थंडी असो की झड, सरळ बाथरूममध्ये जायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि मगच घरातल्या वस्तूला हात लावायचा, असा त्यांचा नेम. त्यांची मुलगी प्रज्ञा लहानपणी बाथरूमच्या दाराबाहेर पाट टाकून बसायची. आई आत आहे, म्हणजे आता येईल. "आंग धुतल्याबिगर मी घरी आली असं मले वाटतच नाही," बाई म्हणायच्या. मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, बायकोच्या मोपेडचा आवाज ओळखून बंबात लाकडं सारायचे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. प्रज्ञा पुण्याला नोकरी करत होती. घरात बाई एकट्या आणि अंगणापलीकडच्या खोलीत मी.

त्यांचे केस पाहण्यासारखे होते. कमरेच्या खाली जाणारे, निम्मे पांढरे, निम्मे काळे. रोज धुवायच्या आणि अंगणात उन्हाकडे पाठ करून बसायच्या. कुणी मदतीला गेलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "मले हात हायेत न." बाजाराची पिशवी धरू का म्हटलं तरी तेच, कारध्याच्या भावानं पाठवलेलं तांदळाचं पोतं आत ओढू का म्हटलं तरी तेच.

आणि मग त्या पडल्या. बस स्टँडवर बसमधून उतरताना पायरी चुकली आणि उजव्या खांद्यावर आल्या. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली. प्रज्ञा रजा काढून आली, आईला घरी आणलं, व्यायाम करवून घेतले. रजा संपेपर्यंत हात छातीपर्यंत वर जाऊ लागला. तिथून पुढे मात्र जाईना. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढाच.

प्रज्ञा गेली तेव्हा आईनं तिला सांगितलं, मी सगळं करतो माह्यं. चहा करत होत्या, भात लावत होत्या, झाडू डाव्या हातानं मारत होत्या. मला काही वेगळं जाणवलं नाही. एकच गोष्ट खटकायची. त्यांनी लोकांना "आंग धुतलं का?" विचारणं बंद केलं होतं. दूधवाला स्वतःहून म्हणाला, "बाई, धुतलं आज," तरी त्या नुसत्या मान हलवून आत गेल्या. डोक्याला सदान्‌कदा रुमाल बांधलेला.

एका रविवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. बाथरूममधून प्लास्टिकचा मग्गा पडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा. मी दाराशी गेले.

"बाई, मी येऊ का? पाणी घालून देतो डोक्यावर."

 आतून आवाज आला, "जा तू."

बाहेर आल्या तेव्हा साडीचा खांदा भिजलेला होता आणि केस कोरडे होते. पायरीवर बसल्या. 

"उजवा हात वर जात नाही. डाव्यात भरलेला मग्गा धरून डोक्शामागे नेता येत नाही, सांडते. खाली वाकली का खांद्यात अशी कळ येते का चक्कर येते. महिना होऊन गेला, केसाले पाणी नाही."

"मग मला सांगायचं न. मी काय परकी हाय?"

"पोरी, किती बायांचं आंग मी पुसलं असंन, सांग. न लाजता पुसलं. पण माह्यं आंग कोणी धुवावं, हे मले होत नाही. काहून होत नाही ते नको विचारू. नाही होत."

त्याच दुपारी प्रज्ञाचा फोन आला. बाई फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायच्या, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "आई, मी दिवाळीच्या सुट्टीत येते आणि तुला घेऊनच जाते. इथे गीझर आहे, मदतीला बाई ठेवू. आणि ते केस आता कापून टाकू आपण, किती त्रास होतो." बाईंनी "हो, पाहू" म्हणून फोन ठेवला.

"पुण्याले काही वाईट नाही," त्या मला म्हणाल्या. "पण तिथं मी पोरीच्या घरी राहीन. इथं पोरगी माह्या घरी येते."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आले, तर त्यांनी बाथरूममधूनच हाक मारली. "वनिता, स्टूल घेऊन ये." आत भिंतीवर वर एक शॉवर होता. घर बांधताना प्रज्ञानं हट्टानं बसवून घेतलेला. त्याखाली कधी कुणी आंघोळ केल्याचं मला माहीत नव्हतं. बाई त्याच्या नळीवर ओला नॅपकिन टाकायच्या. आता नॅपकिन काढलेला होता आणि बाई मान वर करून उभ्या होत्या.

"याच्याखाली हात वर न्यावाच लागत नाही," त्या म्हणाल्या. "पाणीच खाली येते."

त्यांनी चावी फिरवली. एक धार सरळ आली, दोन भिंतीकडे गेल्या आणि बाकी नुसते थेंब. बाई गंभीर चेहऱ्यानं पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रोस्टेट वाढलेल्या बुढ्यासारखं करून राहिलं हे."

मी हसून हसून स्टूलवरून पडायची राहिले. त्या मात्र कामाला लागल्या होत्या. "सलाईन बारीक चाललं का आधी सुई पाहावं, मंग नळी, मंग पिशवी किती उंच टांगली ते. चाल, सुई काढ."

शॉवरचं तोंड मी फिरवून काढलं. बोअरच्या पाण्यानं आत पांढरा चुनखडीसारखा थर बसला होता. रात्रभर ते लिंबाच्या पाण्यात बुडवून ठेवलं, सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासलं आणि बाईंनी डाव्या हातात इंजेक्शनची सुई धरून एकेक भोक मोकळं केलं. बसवून पाहिलं. आता सगळ्या भोकांतून पाणी येत होतं, पण कुठलीच धार एक वीत पुढे जात नव्हती. केसांचा नुसता वरचा पापुद्रा ओला झाला असता.

मग प्लंबर आला. दिगांबर त्याचं नाव, तिशीचा, बोलका. आल्या आल्या बाईंना वाकून म्हणाला, "बाई, प्रेशर पंप बसवून टाका. बटन दाबलं का धो धो."

"अन् लाइन गेली त? डोक्शाले साबण लावून उभी राहू?"

दिगांबरनं डोकं खाजवलं. साकोलीत लाइन कधी जाईल याचा भरवसा त्यालाही नव्हता. त्यानं नळ उघडझाप केले, पाइपावर पान्हा वाजवून पाहिला आणि पुन्हा नळाकडेच पाहू लागला. तेव्हा बाई माझ्याकडे वळल्या. "हा माह्याच हातचा हाय. पायाकडून आला होता, त्याच्या मायनं मले घाम फोडला. लोक म्हणतात पायाळू माणसाले जमिनीतलं पाणी दिसते. याले नळातलं नाही दिसून राहिलं."

दिगांबर हसला, पण चिडला नाही. तालुक्यातले निम्मे लोक बाईंच्या हातचे, त्यामुळे त्यांना कुणी चिडायचंच नाही. टाकीखालचा वॉल्व्ह मात्र त्यानंच शोधला. गंजून निम्मा मिटलेला होता. तो बदलल्यावर खालचे नळ जोरात वाहू लागले, शॉवर थोडाच सुधारला.

इथं बाईंनी एक चूक केली. त्यांना प्रज्ञाच्या फ्लॅटमधला ताटाएवढा शॉवर आठवला. वरून पावसासारखं पडते म्हणे. मी नागपूरला कामाला गेले होते, तर माझ्याकडून तसाच आणवला. दिगांबर म्हणाला, "बाई, तोंड जेवढं मोठं, तेवढं पाणी फाकन." बाईंनी ऐकलं नाही. बसवला. उघडला. त्या भल्या मोठ्या ताटातून गाळणीतून चहा गळावा तसं पाणी टपटपलं.  "पोरीच्या घरी शोभून दिसते," एवढं म्हणून त्यांनी जुनाच परत लावायला सांगितला.

आता पिशवीची उंची उरली होती. टाकी बाथरूमच्या स्लॅबवर होती आणि शॉवरपेक्षा जेमतेम हातभर वर. जोर येणार कुठून? टाकी घराच्या गच्चीवर न्यायची आणि तिथे विटांचा माणूसभर उंच ओटा करून त्यावर ठेवायची, असं ठरलं. गवंड्यानं ओटा बांधला. तो पक्का होईपर्यंत बाई दिवसातून दोनदा गच्चीवर जाऊन त्यावर पाणी मारायच्या. बाहेर रस्त्याच्या पलीकडे धान निसवू लागलं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. दिवाळी जवळ येत होती.

टाकी चढवायच्या दिवशी गल्लीतले चार-पाच गडी आले. रिकामी असली तरी मोठी टाकी ती, धरायला धड जागा नाही. दोर बांधले. बाई खाली अंगणात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या नकळत त्यांचा जुना आवाज लागला. "हं, लावा जोर... आनखी... आता थांबा. श्वास घ्या. नका घाबरू. आता आलं का पुन्हा लावा... शाबास!" वरच्या गड्यांना आधी कळलं नाही, मग एकदम कळलं. दिगांबरच्या हातून दोरच सुटायचा राहिला. "बाई, पोरगी झाली का पोरगा?" तो वरून ओरडला. टाकी ओट्यावर बसली, तेव्हा सगळी गल्ली हसत होती आणि बाईही.

एका गोष्टीवर मात्र त्या अडून बसल्या होत्या. गच्चीच्या कठड्याला भोक पाडायचं नाही. मास्तरांनी उभं राहून बांधून घेतलेला कठडा तो. म्हणून दिगांबरनं पाइप कठड्यावरून चढवून पलीकडे खाली सोडला.

टाकी भरली. आम्ही बाथरूममध्ये जमलो. बाईंनी स्वतः चावी फिरवली. शॉवर एकदा खाकरला, चार थेंब पडले आणि बंद झाला. आधी निदान धार तरी होती, आता काहीच नाही. दिगांबर गच्चीवर जाऊन आला. टाकी भरलेली, वॉल्व्ह उघडा. पुन्हा वर गेला, पुन्हा आला. काही कळेना.

बाई पायरीवर जाऊन बसल्या. गड्यांसाठी केलेल्या चहातला त्यांचा कप तसाच गार झाला. संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. आवाज अगदी साधा होता.

"प्रज्ञाले फोन करून सांग, दोन तिकिटं काढ म्हणावं. अन् इथं कोणी केस कापून देते का पाह्य. तिथं गेल्यावर कापण्यापरीस इथंच बरं."

मी फोन हातात घेऊन माझ्या खोलीत गेले, पण मला तो लावता येईना. त्या बाईनं तिकीट मागावं, हे मला ऐकवतच नव्हतं. सकाळी सांगते, म्हणून मी तशीच झोपले.

सकाळी दारावर थाप. बाई उभ्या. चेहऱ्यावर कालचं काहीच नाही. "केला का फोन?"

"नाही, बाई."

"बरं झालं. दिगूले बलाव. सलाईनच्या नळीत हवा राहिली त थेंब येत नाही, पिशवी कितीक उंच टांग. तो पाइप कठड्यावर चढते अन् मंग उतरते. तिथं बसली असंन हवा."

दिगांबर आला, त्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. बोअरच्या मोटरच्या नळाला रबरी नळी लावली, तिचं दुसरं टोक बाथरूमच्या नळाला घट्ट बांधलं आणि मोटर सुरू केली. पाणी उलटं वर जाऊ लागलं. मी गच्चीवर टाकीचं झाकण उघडून उभी होते. आधी काहीच झालं नाही. मग टाकीत मोठमोठे बुडबुडे येऊ लागले, एकामागून एक, एखादी म्हैस डोहात बसली असावी तसे. मी वरून ओरडले, "येऊन राहिली हवा! येऊन राहिली!"

मोटर बंद केली, रबरी नळी काढली. दिगांबरनं शॉवरची चावी फिरवली, आणि पाणी असं आलं की तो कपड्यांसकट भिजून बाहेर पळाला.

 बाईंनी आत जाऊन टॉवेल आणला, शिकेकाईचा डबा आणला, दार लावलं आणि कडी घातली. मी आणि दिगांबर अंगणात उभे राहिलो. आतून पाण्याचा एकसारखा आवाज येत होता. मग्गा पडल्याचा नाही, बादली सरकल्याचा नाही, नुसतं पाणी. दिगांबरचे कपडे निथळत होते, पण तोही हलला नाही. टाकी बहुधा निम्मी झाली असेल, तेव्हा आवाज थांबला.

बाई बाहेर आल्या. ओले केस पाठीवर मोकळे, त्यातून पाणी गळतंय, डोळे लाल झालेले. शिकेकाई गेली असेल, किंवा नसेलही. उन्हाकडे पाठ करून बसल्या. मग दिगांबरला वरून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "आंग धुतलं का?"

"तुमच्याच शॉवरनं धुतलं न, बाई," तो म्हणाला.

"आणि तो कठडा फोड आता," त्या म्हणाल्या. "सरळ काढ पाइप. मास्तर काही म्हणणार नाहीत."

प्रज्ञा आली ती मोठी रिकामी बॅग घेऊन. पहिल्याच सकाळी आई बाथरूममध्ये गेली आणि ती लहानपणासारखी दाराबाहेर जाऊन उभी राहिली. पण आता ती ऐकत होती.  आई बाहेर आल्यावर ती स्वतः टॉवेल घेऊन आत गेली. बराच वेळ लागला. केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आमच्याकडेसुद्धा एवढं पाणी येत नाही, गं."

"मंग येत जा इथं," बाई म्हणाल्या, "डोक्शावरून घ्याले."

त्यावर मायलेकींचं आत बसून बोलणं झालं, थोडं मोठ्यानं, मग हळू. काय ठरलं ते मला नंतर कळलं. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायचा, खाली घसरणार नाही अशी फरशी घालायची, रोज संध्याकाळी फोन करायचा. बाईंनी तिन्ही गोष्टी कबूल केल्या. प्रज्ञा गेली तेव्हा बॅग भरलेलीच होती, पण मामाच्या तांदळानं.

त्यानंतर त्या बाथरूमला गिऱ्हाईक लागलं. शेजारच्या म्हाताऱ्या सखूबाईंचे गुडघे वाकत नव्हते, त्यांना पाटावर बसून आंघोळ जमत नसे. बाईंनी त्यांना शॉवरखाली उभं केलं, कडी आतून लावायला शिकवलं आणि बाहेर राखण करत बसल्या. सखूबाई बाहेर आल्या त्या हसतच. "नर्सबाई, मी नवरी झाली वं!"

मी आणखी काही वर्षं तिथं राहिले. लग्न झालं, मग मोहाडीला बदली झाली. सामान न्यायला छोटा ट्रक आला त्या सकाळी बाईंची आंघोळ झाली होती. मी खोली झाडून किल्ली द्यायला गेले, तर त्या अंगणात स्टुलावर बसलेल्या, मांडीवर फणी. केस धुणं त्यांना जमत होतं, पण वेणी एका हातानं होत नाही. इतकी वर्षं त्या रबर लावून कशीबशी गाठ मारत होत्या आणि मी कधी विषय काढला नव्हता.

"ये," त्या म्हणाल्या, आणि फणी मागे माझ्याकडे धरली. "तीन पेडाची घाल. लय घट्ट नको, डोकं दुखते."

मी मागे उभी राहिले. केस अजून ओलसर होते, गार. जड होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा हात लावत होते. गुंता खालून वर सोडवत गेले. बाई डोळे मिटून बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "तुह्या घरी टाकी कोठी हाय?" मी म्हटलं, अजून बघितली नाही. "पाहून घेजो," एवढंच म्हणाल्या.

फाटकाबाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. मी घाईनं पेड ओढू लागले, तर त्यांनी डावा हात मागे आणून माझं मनगट धरलं.

"वाजवू दे त्याले," त्या म्हणाल्या. "तू सावकाश घाल."